पुंता अरेनासची उड्डाणे

अंटार्क्टिकावरचा ओझोन दर वसंतात घटतो आहे, हे ब्रिटिश संशोधक जो फार्मन आणि सहकाऱ्यांनी मे १९८५ मध्ये जाहीर केले आणि शास्त्रज्ञांची झोप उडाली. दोष वाऱ्यांचा, की माणसाने बनवलेल्या रसायनांचा?

ऑगस्ट १९८७ मध्ये नासाची दोन विमाने चिलीतल्या पुंता अरेनासहून झेपावली. ईआर-२ ओझोनच्या थरात शिरून थेट हवाच तपासे. डीसी-८ मात्र खालून वर नजर लावी: लेझरचे झोत आभाळाकडे, वर्णपटमापक खिडकीतून सूर्याकडे. सूर्याच्या अवरक्त किरणांतल्या कोणत्या तरंगलांबी वाटेत शोषल्या गेल्या, त्यावरून वायूंचा हिशेब लागे.

ध्रुवीय भोवऱ्यात, म्हणजे ध्रुवाभोवती घोंगावणाऱ्या वाऱ्यांच्या कड्यात, क्लोरीनला बांधून ठेवणारा हायड्रोजन क्लोराइड घटलेला निघाला. तिथेच ईआर-२ला, क्लोरीन ओझोन फोडतो तेव्हा बनणारा क्लोरीन मोनॉक्साइड भरपूर सापडला. गुन्हेगार माणसाच्या रसायनांतून आलेला क्लोरीनच होता.

१६ सप्टेंबरला अशा रसायनांना आवर घालणाऱ्या मॉन्ट्रियल करारावर सह्या झाल्या, तेव्हा उड्डाणे चालूच होती.