गृहपाठाचे इंग्रजी : ठाणे ते कल्याण या पट्ट्यातील एका घरगुती विद्येचा इतिहास

महाराष्ट्रातील इंग्रजी शिक्षणाचा इतिहास बहुधा शाळा, खलिते, समित्या आणि परीक्षा यांच्या आधारे लिहिला गेला आहे. १८५४ चा वुडचा खलिता, १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ, १८५९ ची पहिली मॅट्रिक परीक्षा हे त्यातील टप्पे सर्वपरिचित आहेत. परंतु शाळा सुटल्यावर, दिवेलागणीनंतर, मुलाच्या वहीत जे इंग्रजी उमटत असे ते कोणाच्या साहाय्याने उमटे, हा प्रश्न या इतिहासात क्वचितच विचारला जातो. वस्तुतः परभाषेच्या अध्ययनात शिक्षक आणि विद्यार्थी यांच्याखेरीज एक तिसरी व्यक्ती सदैव उपस्थित असते. तो कधी थोरला भाऊ असतो, कधी शेजारचे मास्तर, कधी आई. या तिसऱ्या व्यक्तीजवळ कोणते साधन होते आणि ते तिच्या हातून कसे सुटत गेले, याचा मागोवा ठाणे, डोंबिवली व कल्याण या परिसरापुरता घेणे उद्बोधक ठरेल.

हा परिसर निवडण्यास कारण आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली आणि पुढील वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. डोंबिवलीचे स्थानक मात्र १८८७ चे. ठाणे व कल्याण ही दोन्ही जुनी बंदरे. त्यांची नावे व्यापाराच्या इतिहासात आधीच होती. डोंबिवली हे गाव मात्र आजच्या स्वरूपात रेल्वेनेच घडविले असे म्हणावयास हरकत नाही. या गावांतील मध्यमवर्गीय गृहस्थ मुंबईच्या कचेरीत इंग्रजीत टिपणे लिही आणि सायंकाळी मराठी घरात परत येई. इंग्रजी ही त्याच्या पोटापाण्याची भाषा होती, घराची नव्हती. ज्ञानाची हौस येथे कमी होती असे नव्हे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे, आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झालेले. पण घरातील मुलाने इंग्रजी शिकावे ते का, याचे उत्तर प्रत्येक सकाळी सुटणाऱ्या गाडीने दिलेले असे.

त्या काळची शिक्षणाची रचना ध्यानात घेतल्याविना पुढील विवेचन कळणार नाही. मुलगा आधी मराठी इयत्ता पुऱ्या करी आणि नंतर ‘इंग्रजी पहिली’त बसे, तेथून सातव्या इंग्रजी इयत्तेअखेर मॅट्रिक. म्हणजे इंग्रजीचे पहिले अक्षर गिरवण्यापूर्वी त्याला मराठी वाचता येई, लिहिता येई, आणि थोडेबहुत व्याकरणही त्याच्या कानांवरून गेलेले असे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले होते, आणि त्या परंपरेतून आलेल्या विभक्ती, लिंग, वचन, काळ या संज्ञा शालेय पुस्तकांतून सर्वत्र पसरल्या होत्या. इंग्रजी शिकताना या संज्ञांचा आधार मिळे, आणि घरी शिकवणारालाही त्याच संज्ञा ठाऊक असत. ही गोष्ट लहान वाटते, पण सारे येथेच आहे.

पाठांतराची रीतही ओळखीचीच होती. ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ हा घोष ज्या मुलाने केला त्याने पाढे आणि रूपावली त्याच चालीवर म्हटलेल्या असत. ‘गो, वेंट, गॉन’ ही तीन रूपे धातूंच्या रूपांप्रमाणेच तोंडपाठ केली जात. या घोषातील ‘म्हणजे’ हा शब्द मोलाचा आहे. वर्णावली आणि उच्चार हे दोन भाग शाळेने दिलेले. ‘म्हणजे’च्या पुढचा भाग घरातील कोणासही तपासता येई. ज्या आजीला रोमन लिपीचे एकही अक्षर येत नसे तीही ‘मांजर’ बरोबर आले की नाही हे ऐकून सांगू शके.

या रीतीला ग्रंथरूप देण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेस द्यावे लागते. नियम, शब्दांची यादी, मराठीत करावयाची इंग्रजी वाक्ये आणि इंग्रजीत करावयाची मराठी वाक्ये, असा तिच्या पाठांचा क्रम. तिच्यातील सुट्या, परस्परांशी संबंध नसलेल्या वाक्यांची पुढे पुष्कळ थट्टा झाली. ती थट्टा अनाठायी नाही. त्या वाक्यांतून कोणी संभाषण शिकला असेल असे वाटत नाही. तथापि पाठमालेचा खरा गुण संभाषणात नव्हता. मराठी बोलणाऱ्यास इंग्रजी नेमके कोठे अडते हे पाहून तिचे पाठ रचलेले होते. रॉबर्ट लाडो यांच्या १९५७ च्या ग्रंथामुळे दोन भाषांची तुलना करून अध्यापनाची सामग्री निवडण्याचा विचार विद्यापीठांत प्रतिष्ठित झाला. मराठी घरांत तो व्यवहार त्याआधी कित्येक दशके निनावीपणे चालू होता.

एक उदाहरण पाहू. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याजवळ दोन पुस्तके आहेत’, ‘त्याच्याकडे पैसे आहेत’, ‘मला ताप आहे’, ‘गाईला दोन शिंगे असतात’, या पाच वाक्यांत मराठी भाषा नाते, जवळ असणे, मालकी, अवस्था आणि अवयव यांचे भेद प्रत्ययांनी व शब्दयोगी अव्ययांनी दाखविते, आणि कर्त्याच्या जागी ती वस्तू ठेवते. इंग्रजी हे सारे भेद पुसून टाकते आणि धन्याला कर्ता करून ‘हॅव’ हे एकच क्रियापद योजते. घरच्या शिक्षकाने यावर काढलेला तोडगा सुटसुटीत असे : ‘ला, जवळ, कडे’ आणि शेवटी ‘आहे’ दिसले की धनी आधी आणावा, मग ‘हॅव’. हा नियम शास्त्रशुद्ध नाही. ‘मला भूक लागली आहे’ येथे तो कोसळतो, ‘मला इंग्रजी येते’ येथेही कोसळतो, आणि ‘टू मी इंग्लिश कम्स’ असले वाक्य वहीत अवतरते. पण असे वाक्य वाचताच घरच्या माणसास चूक कोठून आली हे तत्काळ कळे, कारण त्या वाक्यामागचे मराठी वाक्य त्याला ऐकू येत असे.

भूतकाळाचेही तसेच. ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’ येथे क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘एट’. मुलास हा हलकेपणा सुखावह वाटे. त्याचे उट्टे इंग्रजी भाषा ‘ही गोज’मधील अंत्य ‘झ’काराने काढी, आणि तो विसरला नाही असा विद्यार्थी विरळाच. ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांचे दुखणे तर आजन्म टिकणारे, कारण मराठीत त्यांस प्रतिशब्दच नाही. येथे घरगुती विद्येची मर्यादाही सांगितली पाहिजे. शिकवणाराच्या चुका शिकणाऱ्याकडे जात. ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन ठाणा सिन्स टू इयर्स’ हे वाक्य ‘मी दोन वर्षांपासून ठाण्यास राहत आहे’ याचे प्रामाणिक भाषांतर आहे आणि इंग्रजीत ते अशुद्ध आहे. घरातील तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर हे ‘सिन्स’ही पिढ्यानुपिढ्या वारसाहक्काने येत राहिले.

साहाय्य करणारे कोण होते? वडील असे उत्तर अपेक्षित असले तरी ते बहुधा खरे नव्हे. लोकलच्या वेळापत्रकाने बांधलेला गृहस्थ मुलगा निजावयाच्या सुमारास घरी पोहोचे. म्हणून हे काम थोरल्या भावंडांकडे, चाळीतील एखाद्या कॉलेजच्या विद्यार्थ्याकडे, किंवा शिकवणीच्या मास्तरांकडे जाई. गरीब विद्यार्थ्याने शिकवण्या करून स्वतःचे शिक्षण पुरे करावे ही तर महाराष्ट्राची जुनी रीत. विसाव्या शतकात स्त्रीशिक्षण वाढले तसा हा भार आईकडे आला. तिचे इंग्रजी फार नसे, पण मराठी पक्के असे, आणि भाषांतराच्या रीतीत तेवढे भांडवल पुरे.

सर्वांना मात्र पुरे नव्हते. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) ठाणे जिल्ह्यातील आगरी, कोळी इत्यादी बोलींची नोंद आहे. डोंबिवली-कल्याणच्या मूळच्या आगरी घरातील मुलास पाठमालेतील मराठी वाक्य हेच आधी आपल्या बोलीत आणावे लागे. त्याचे भाषांतर दुहेरी होई आणि घरी विचारावे असा कोणी नसे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले व १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. तेथील मुलांना मराठीतून समजाविलेले इंग्रजी कसे उपयोगी पडणार? ज्याची घरची भाषा छापील मराठीस जवळ, त्याचीच ही सोय होती. जुन्या पद्धतीची स्तुती करताना हे विसरता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर खेर मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात पाचवी ते सातवी या इयत्तांतून इंग्रजी काढले गेले आणि ते आठवीपासून सुरू झाले. पूर्वी जे सात वर्षांत होई ते आता चार वर्षांत करणे आले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर इंग्रजी पुन्हा पाचवीत आले. याच सुमारास वाक्यरचनांच्या सरावावर भर देणारी नवी अध्यापनपद्धती रूढ होऊ लागली. हैदराबादेस १९५८ मध्ये इंग्रजीची केंद्रीय संस्था स्थापन झाली. वर्गात मराठीचा उपयोग टाळावा, वस्तू दाखवून व कृती करून शिकवावे, हे तिचे सूत्र. अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. परंतु वर्गातून मराठी काढली तेव्हा गृहपाठाचे काय होणार याचा विचार झालेला दिसत नाही. घरी कृती करून दाखविणारे प्रशिक्षित शिक्षक नव्हते. म्हणून शाळेत नवी पद्धती आणि घरी तर्खडकर, अशी दुहेरी व्यवस्था दीर्घकाळ चालली. मार्गदर्शके आणि अपेक्षित प्रश्नसंच यांनी दोहोंमधील दरी भरून काढली.

घरात असे साधनच नसेल तर काय होते, हे पाहण्यासाठी व्हिएतनामचे उदाहरण उपयुक्त आहे. तेथे परकीय भाषा म्हणून आधी फ्रेंच व नंतर रशियन यांना महत्त्व होते. १९८६ च्या ‘दोई मोई’ या आर्थिक धोरणानंतर इंग्रजी पुढे आली. अनेक पालकांनी ती शाळेत शिकलेलीच नव्हती. व्हिएतनामी भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही; ‘दा’, ‘दांग’, ‘से’ यांसारखे स्वतंत्र शब्द काळ सूचित करतात आणि संदर्भ स्पष्ट असल्यास तेही गळतात. त्यामुळे ‘येस्टरडे आय गो’ हे वाक्य तेथील मुलास स्वाभाविक वाटते. अनेकवचनाचा प्रत्यय नाही, आणि शब्दाच्या शेवटी व्यंजनांचे जोड येत नाहीत. म्हणून ‘बुक्स’चा शेवट लेखनात आणि उच्चारात दोन्हीकडे नाहीसा होतो. अशा मुलास मदत करू पाहणारा इंग्रजीचा पंडित असूनही व्हिएतनामी न जाणणारा असेल, तर तो चूक दुरुस्त करील, पण तिचे कारण सांगू शकणार नाही. तेथे ‘होक थेम’, म्हणजे अधिकचे शिकणे, या नावाने खाजगी वर्गांचा एवढा प्रसार झाला की शासनाला २०१२ मध्ये त्यांसाठी नियम करावे लागले.

ठाणे-डोंबिवलीची वाट वेगळी असूनही आता त्याच दिशेने गेलेली दिसते. जून २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. मराठी वाचता येण्यापूर्वीच मुलापुढे दुसरी लिपी आली आणि ‘म्हणजे’ या शब्दाचा आधार डळमळला. त्याहून मोठा बदल इंग्रजी माध्यमाने केला. पूर्वी इंग्रजी हा गृहपाठाचा एक विषय होता. आता भूगोल, विज्ञान आणि गणित यांचाही गृहपाठ इंग्रजीत आहे. त्रैराशिक उत्तम जाणणाऱ्या आईस उदाहरणाची शब्दरचना उमगत नाही म्हणून ती बाजूला होते, आणि मूल क्लासला जाते. तिचे गणित कच्चे झालेले नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने शाळेतील शिक्षकास खाजगी शिकवणीची मनाई केली, पण स्वतंत्र क्लास त्या मनाईबाहेर राहिले.

२०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा करणारा कायदा केला. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मराठी घरातील नातवाचा मराठीचा गृहपाठ त्यामुळे पुन्हा आजी-आजोबांकडे येतो. मुलास शब्द अडतो, आणि आजोबा जुन्याच चालीवर, फक्त उलट दिशेने, सांगतात : मांजर म्हणजे कॅट.