ज्ञ : अक्षर एक, उच्चार तीन

नर्मदेकाठचं मणिबेली. पलीकडे गुजरात, नदीने वर गेलं की मध्य प्रदेश. आपण 'द्न्यान' म्हणतो, गुजराती 'ग्नान', हिंदीवाले 'ग्यान'. आमच्या टीममध्ये तिन्ही आहेत, म्हणजे वाद ठरलेला! गंमत म्हणजे मूळ उच्चार कुणाचाच नाही. ज्ञ म्हणजे ज् + ञ. युनिकोडमध्येही त्याला स्वतंत्र क्रमांक नाही. ज, हलन्त आणि ञ जोडूनच तो उमटतो.

अर्थ मात्र तिन्हीकडे एकच: जाणणारा. ग्रीक 'ग्नोसिस', इंग्रजी 'नो' आणि आपलं 'जाणणे' एकाच कुळातले.

मग मणिबेलीत 'ज्ञ' कोण? सरदार सरोवराचे तज्ज्ञ, की पिढ्यान् पिढ्या नदी जाणणारे आदिवासी? जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने गावोगाव जाऊन लोकांना विचारलं आणि १९९२ मध्ये बँकेला मागे सरायला सांगितलं. मार्च १९९३ मध्ये कर्ज थांबलं. धरण थांबलं नाही. त्याच पावसाळ्यात मणिबेलीतली घरं पाण्यात गेली.

असो. उच्चार कसाही करा. पण तज्ज्ञ म्हणवण्याआधी जाणणाऱ्याला विचारलंय का, तेवढं बघा.