तारप्याची रात्र आणि कामाचा दिवस

पालघर जिल्ह्यातील वारली पाड्यावर तारपा वाजविणारा मनुष्य पेशाने वादक नसतो. दिवसा तो शेतकरी किंवा मजूर; रात्री मात्र साऱ्या पाड्याची पावले त्याच्या फुंकेवर पडतात. वाळलेला भोपळा, त्यात मेणाने बसविलेल्या बांबूच्या नळ्या आणि टोकाशी ताडाच्या पानांचा कर्णा, एवढेच हे वाद्य. वादक श्वास न तोडता फुंकीत राहतो आणि स्त्रीपुरुषांचा फेर त्याच्याभोवती फिरतो.

काम आणि वादन यांची सांगड या समाजाने फार पूर्वीच घातली होती. आवणीच्या दिवसांत तारपा स्वस्थ असे. नवे भात तयार होऊ लागले म्हणजे तो हाती घ्यावयाचा. वेळापत्रक भातानेच आखून दिले होते.

परंतु ते पाळण्यास मनुष्य आपल्या वेळेचा धनी असावा लागतो. एकोणिसाव्या शतकात जमिनी सावकारांकडे गेल्या आणि वारली स्वतःच्याच शेतावर कूळ झाला. ऐन पावसात प्रथम मालकाचे शेत लावावयाचे, मग उरल्या दिवसांत आपले. लग्नासाठी कर्ज काढणारा तर ‘लग्नगडी’ होऊन वर्षानुवर्षे राबे. सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याच्या १९३९ च्या अहवालात या वेठीची हकीकत नमूद आहे. पुढे २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी येथे शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेच्या परिषदेस हजारो वारली जमले. वेठ करावयाची नाही आणि बारा आण्यांहून कमी रोजाने राबावयाचे नाही, असे तेथे ठरले. मागणी मजुरीची होती. परंतु तिच्यातून दिवस परत मिळावयाचा होता, आणि दिवसामागून येणारी रात्रही.

१९६९ साली तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले. बोईसरच्या परिसरात कारखाने उभे राहिले आणि त्यांबरोबर पाळीचे काम आले. घड्याळ हा निराळ्या प्रकारचा मालक होय. तो वेठ घेत नाही, रोख दाम मोजतो; पण एकाच पाड्यावरील तिघांस तीन पाळ्यांत वाटून टाकतो. एक कामावर, एक वाटेवर, तर तिसरा निजलेला. तारपा एकट्यास फुंकता येईल. फेर मात्र एकट्याने धरता येत नाही. भाताचे वेळापत्रक साऱ्या पाड्यास एकच होते, घड्याळाचे ज्याचे त्याला वेगळे. पूर्वी हंगामच सुटी देई. पाळीवरच्या तारपकऱ्यास ती मागून घ्यावी लागते.