सुटे अंक, अखंड ग्रंथ

मराठीत ग्रंथ तुकड्यातुकड्याने विकत घेण्याची रीत एकोणिसाव्या शतकातल्या मासिकांनी रुजवली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली आणि तिचे ८४ अंक निघाले. १८७८ पासून पुण्याच्या ‘काव्येतिहाससंग्रहा’त काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी जुन्या बखरी आणि काव्ये अंकाअंकाने छापली. वर्गणीदाराने अंक जपले, बांधून घेतले, तरच त्यांचा ग्रंथ होई. मधला एक अंक गहाळ झाला की बखर तुटे. दप्तरांत पडून असलेले साहित्य घरोघरी पोचले ते या हप्त्यांमुळेच, आणि हे ऋण फार मोठे आहे. ‘करमणूक’ साप्ताहिकातून हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्याही अशाच आल्या.

श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ मात्र २३ खंडांचा. त्यासाठी त्यांनी कंपनी काढली, गावोगाव भागधारक आणि वर्गणीदार मिळवले. एकच नोंद हवी असली तरी अख्खा खंड घ्यावा लागे.

हाच पेच डिजिटल खेळग्रंथांतही आला. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका वठवण्याच्या खेळाचे डिजिटल दालन २०१७ पासून त्याच्या नियमग्रंथांतला एखादा राक्षस किंवा मंत्रही सुटा विकत असे आणि पुढे पूर्ण पुस्तक घेतल्यास ती रक्कम वजा करी. २०२४ मध्ये ही सुटी विक्री थांबली.

याउलट, वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाची कोणतीही नोंद आज संकेतस्थळावर सुटी आणि विनामूल्य वाचता येते.