नांव बदललें, तरी माणूस तोच

इ. स. १८९६ च्या मार्चअखेरीस इंग्लंडांत रेडिंग शहरापाशीं टेम्स नदींतून एका नावाड्यानें एक गांठोडें बाहेर काढलें. आंत तान्ह्या मुलीचें प्रेत होतें. गुंडाळलेल्या कागदावरील पुसट नांवपत्त्याच्या आधारें पोलीस अमेलिया डायर या बाईपर्यंत पोंचले. वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन, दहा पौंडांच्या आसपास रक्कम घेऊन, ती निराधार आयांचीं मुलें "सांभाळण्यास" नेई व त्यांचा गळा आवळी. १० जून १८९६ रोजीं तिला फांशी झाली.

परंतु खरी हळहळ पुढेंच आहे. १८७९ मध्येंच, हातीं दिलेल्या अर्भकांची हेळसांड केल्याबद्दल, तिनें सहा महिने सक्तमजुरी भोगली होती. नंतर ती गांव बदली, नांव बदली. आणि मूल हवालीं करणाऱ्या आईस तिचा पूर्वेतिहास कळण्याचा मार्गच नव्हता. १८७२ चा अर्भकरक्षणाचा कायदा होता खरा. पण एका वेळीं एकच मूल ठेवणारास तो लागू नव्हता. १८९७ साली निरीक्षकांचे अधिकार वाढले. १९०८ च्या कायद्यानें एका मुलासही संरक्षण मिळालें आणि क्रौर्याबद्दल शिक्षा झालेल्यांस पैसे घेऊन मूल सांभाळण्यास बंदी झाली. "हा मनुष्य पूर्वीं कसा वागला?" हा प्रश्न विचारणें येथून सरकारचें काम ठरलें.

प्रश्न विचारला, तरी उत्तर बरोबर मिळतेंच असें नाहीं. ऑगस्ट २००२ मध्यें सोहॅम गांवीं दोन दहा वर्षांच्या मुलींचा खून झाला. खुनी इयन हंटली हा तेथील एका विद्यालयाचा रखवालदार. त्याला नेमतांना पोलिसांकडे चौकशी झाली होती. परंतु राष्ट्रीय संगणकावर शोध घेतला गेला तो त्याच्या "निक्सन" या दुसऱ्या नांवाचा, "हंटली"चा नव्हे! त्याच्यावर पूर्वीं लैंगिक अत्याचाराचे अनेक आरोप आले होते. पण त्यांपैकीं एकांतही शिक्षा झाली नव्हती, आणि हंबरसाइड पोलिसांनीं ती माहिती नीट जपली नव्हती. सर मायकेल बिचर्ड यांनीं जून २००४ मध्यें हे दोष उघड केले. त्यांतून २००६ चा दुर्बलसंरक्षणाचा कायदा झाला. स्कॉटलंडनें २००७ मध्यें आपला निराळा केला.

मात्र तराजूला दुसरेंही पारडें आहे. अकराव्या वर्षीं दोन सायकलींच्या चोरीबद्दल केवळ ताकीद मिळालेल्या एका मुलास ती ताकीद पुढें नोकरीच्या व शिक्षणाच्या वाटेंत आडवी आली. २०१४ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, असा सरसकट उघडेपणा मनुष्याच्या खासगी जीवनाच्या हक्काशीं विसंगत आहे.

दप्तर विसरलें तर लेंकरूं बळी जातें. दप्तरानें कांहींच विसरावयाचें नाहीं म्हटलें, तर सुधारलेला मनुष्य बळी जातो. काय लक्षांत ठेवावें आणि काय विसरावें, याचा विवेक कोणतेंही यंत्र करीत नाहीं. तो माणसांनाच करावा लागतो.