कसर आणि रफू

मराठीत ‘कसर’ हा शब्द दोन घरांचा आहे. एक कसर हिशेबातली, उणिवेच्या अर्थाची. ती आपण ‘भरून काढतो’. दुसरी ट्रंकेतली, ती पुस्तके आणि कपडे खाते. (खरे तर हीही एक नव्हे. कागदावरची खळ खाणारा चंदेरी, पंखहीन किडा निराळा आणि लोकर खाणारी, गवती रंगाच्या इवल्या पतंगाची अळी निराळी. पतंग स्वतः काहीच खात नाही. आळ मात्र त्याच्यावर येतो.) या दोन्ही कसरींची गाठ मला गेल्या हिवाळ्यात एकाच शालीवर पडली.

शाल आजोबांच्या सत्काराची, लोकरी, पायलीसारखी जड. सोयगावची थंडी बेताची. वर्षातले काही दिवस ती अंगावर येते आणि उरलेला काळ अंधारात घडी होऊन राहते. अळीला हेच हवे असते: अंधार, निवांतपणा आणि लोकरीत मुरलेला घामाचा अंश. घडी उलगडली तर एका रेषेत चार भोके. अळी घडीच्या थरांतून आरपार गेली होती.

प्रथम मी स्वतःच सुई घेतली आणि सुती दोऱ्याने एक भोक आवळून टाकले. कापडाला चुणी पडली. आईने ते पाहून तोंड फिरवले. अखेर छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातील एका रफूगराकडे शाल नेली. त्यांनी आधी माझा दोरा उसवला. दोरा कापडाहून कणखर असू नये. ताण पडला की तोच शेजारचे जुने सूत तोडतो. मग शालीच्याच दशांतून त्यांनी काही धागे काढले. आधी उभे धागे, भोकाच्या कडेपलीकडे धडधाकट कापडात बोटभर आत शिरणारे. त्यांवरून आडवे, मूळ विणीप्रमाणे दोन वर, दोन खाली, आणि पुढच्या ओळीत एक घर सरकून. शाल स्वतःच्याच अंगाने भरत होती.

शालीच्या इतिहासात रफूगर हा केवळ दुरुस्ती करणारा नव्हता. १८२२-२३ मध्ये काश्मिरात राहिलेल्या विल्यम मूरक्रॉफ्टने शालउद्योगाच्या तपशीलवार नोंदी केल्या. त्या काळी एकाच शालीचे भाग वेगवेगळ्या मागांवर विणून घेत आणि ते जोडण्याचे काम रफूगराकडे असे. म्हणजे आपण जिला अखंड समजतो ती शाल जन्मतःच रफू केलेली असे. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर युरोपातील मागणी कोसळली आणि हा धंदा खचला.

रफूगरांचे दुसरे नामांकित गाव उत्तर प्रदेशातील नजीबाबाद. मराठी वाचक हे नाव वाचताना थबकेल, कारण ते वसवले नजीबखान रोहिल्याने. पानिपतानंतर अकरा वर्षांनी, १७७२ मध्ये, मराठी फौजांनी तेथील पत्थरगड घेऊन सूड उगवला. हे आपण अभिमानाने शिकवतो, मीही शिकवले आहे. त्याच गावातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या इतरांच्या शाली सांधत आली, हे मात्र मला वस्त्रकलावंत प्रिया रविश मेहरा (निधन २०१८) यांच्या कामामुळे कळले. त्यांनी या रफूगरांबरोबर दीर्घकाळ काम केले.

शाल कोणी कोणाला दिली हे कागदावर येते. पेशवाईच्या दफ्तरात अशा नोंदी पदोपदी भेटतात. ती पुढे कोणी सांधली हे येत नाही, कारण चांगल्या रफूची खूणच ही की तो दिसू नये. धनगराच्या घोंगडीला निदान ठिगळ तरी उघड असते. जाड लोकरीचा टाका लपवायची तिथे कोणाला गरज वाटत नाही. लपवणूक ही मानाच्या वस्त्रांची गरज.

उलट उदाहरण आमच्याच तालुक्यात आहे. अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी निजाम सरकारने १९२० मध्ये इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी यांना बोलावले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला, हे श्रेय त्यांचेच. पण चित्रांवर दिलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडले आणि ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांना फार कष्ट पडले. दुरुस्ती दिसली, म्हणून दुरुस्त करणाऱ्यांची नावे राहिली.

शाल घरी आणल्यावर आम्ही ती खिडकीच्या उजेडात धरली. मला एकही जागा सापडली नाही. आईने डोळे मिटून बोटे फिरवली आणि तीन जागा दाखवल्या. चौथी तिलाही लागली नाही. “कोणी केले गं हे, विचारलेस का नाव?” असे तिने विचारले. पावतीवर फक्त दुकानाचा शिक्का होता, आणि त्याखाली ‘शाल नग १, भोके ४’.