माशांच्या कुळखुणा

माशांची भाऊबंदकी रक्तावरून शोधायची सुरुवातीची धडपड युरोपातल्या कॉड माशावर झाली. १९६१मध्ये डेन्मार्कच्या क्नुद सिक यांनी कॉडचं हिमोग्लोबिन जेलीसारख्या थरात (जेलमध्ये) ठेवून त्यातून वीज सोडली. काही माशांचं भरभर सरकलं, काहींचं मागे राहिलं. पुढे कळलं, की बाल्टिक समुद्रात या प्रकारांचं प्रमाण एक, तर डॅनिश सामुद्रधुनीत वेगळंच. दिसायला एकच मासा, पण थवे निराळे. अडचण अशी, की हिमोग्लोबिन पडलं कामाचं प्रथिन. पाण्याच्या तापमानानुसार त्यातला एखादा प्रकार तगतो. मग ही खूण कुळाची की हवामानाची?

बिनकामाची खूण हवी होती. १९८९मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की डीएनएत काही ठिकाणी सीए-सीए-सीए अशी अक्षरांची जोडी लागोपाठ येते आणि किती वेळा येते ते जिवागणिक बदलतं. यातलं बरंचसं काम माणसावरचं. मत्स्यशास्त्रज्ञांनी ते उसनं घेतलं. या ‘मायक्रोसॅटेलाइट’ची खरी गंमत तिच्या दोन्ही बाजूंना आहे. जोड्यांची संख्या झपाट्याने बदलते, शेजारचा मजकूर मात्र फार सावकाश. म्हणून त्या मजकुरावर बेतलेले एका जातीचे प्रायमर (म्हणजे तिथे चिकटून मधल्या भागाच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) तिच्या चुलत जातींनाही बरेचदा चालतात. बरेचदाच! चुलत जातीत नेमकी तीच जागा बदललेली असली तर प्रायमर चिकटत नाही, माशातल्या दोन प्रतींपैकी एक दिसतच नाही आणि दोन वेगळ्या प्रतींचा मासा एकाच प्रकारचा म्हणून नोंदला जातो. उसने प्रायमर न तपासता वापरणं मला तरी निव्वळ आळस वाटतो.

ही झाली थव्यांची खूण. जात ठरवायला २००३मध्ये कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांनी सीओआय या जनुकातल्या अक्षरक्रमाचा ‘बारकोड’ सुचवला. २००५मध्ये ऑस्ट्रेलियात २०७ जातींच्या माशांवर तो वापरला गेला. एकाच जातीत सरासरी फरक निघाला ०.३९ टक्के, जवळच्या जातींमध्ये ९.९३. ट्यूनाच्या काही सख्ख्या जातींपुढे मात्र हा बारकोडही तोकडा पडतो.

आपल्या पापलेटाला याच बारकोडाने नाव परत मिळवून दिलं. ‘पॅम्पस अर्जेंटियस’ हे नाव १७८८मध्ये चीनकडच्या माशाला दिलेलं. आपण ते आपल्या माशाला चिकटवून बसलो होतो. २०१९मध्ये भारतीय संशोधकांनी डीएनए आणि शरीररचना दोन्ही तपासून सांगितलं, की हिंदी महासागराच्या उत्तर भागातला हा मासा वेगळा: क्यूविएने १८२९मध्ये नोंदवलेला ‘पॅम्पस कॅन्डिडस’. २०२३मध्ये महाराष्ट्राने पापलेटाला राज्यमासा केलं आहे. फलकांवर, पाठ्यपुस्तकांत त्याचं शास्त्रीय नाव छापणाऱ्यांनी एवढी दुरुस्ती जरूर करावी.